आधी कवटी, मग झुबका: पोलिश आणि सिल्की कोंबड्या घरी उबवताना

एक दिवसाचं पोलिश पिल्लू हातात घेतलं की डोक्यावर गोल टेंगूळ दिसतं. लव मऊ असते, त्यामुळे बघणाऱ्याला ते गोंडस वाटतं. त्या जागी कवटीचं हाड घुमटासारखं वर आलेलं असतं आणि त्यात भोकं असतात. मेंदूचा काही भाग त्या घुमटात शिरलेला असतो आणि भोकांच्या जागी वर फक्त पातळ पडदा आणि कातडी असते. चार्ल्स डार्विनने १८६८ मध्ये पोलिश कोंबड्यांच्या अशा कवट्यांची सविस्तर वर्णनं छापली होती. वाढीबरोबर काहींचं हाड बरंचसं भरतं, काहींचं आयुष्यभर उघडं राहतं. पुढे याच टेंगळावर पिसांचा मोठा झुबका येतो.

झुबक्याच्या जाती बऱ्याच आहेत: पोलिश, फ्रान्सची हूडान, सुलतान, सिल्की, शिवाय क्रीम लेगबार. लेगबारला झुबका असतो, पण कवटी सहसा सपाट असते. सिल्कीत फुगीर कवटीची आणि सपाट कवटीची अशी दोन्ही घराणी सापडतात. आपल्याकडे शौकीन पक्षी विकणाऱ्यांकडे मुख्यतः पोलिश आणि सिल्की मिळतात, म्हणून इथे त्या दोघींबद्दलच. लेखात तुरा म्हणजे लाल मांसल तुरा आणि झुबका म्हणजे डोक्यावरची पिसं, एवढं ध्यानात ठेवा.

अंडी गोळा करणं

उबवायची अंडी दिवसातून दोनदा उचला. मातीने माखलेली, तडा गेलेली, फार लांबट किंवा कवच खडबडीत असलेली बाजूला काढा. धुऊ नका. कवचावरचा नैसर्गिक थर पाण्याने निघून जातो आणि बारीक छिद्रांतून जंतू आत शिरतात. थोडी घाण असेल तर कोरड्या घासणीने हलकेच पुसा.

साठवण १५ ते १८ अंशांवर, निमुळतं टोक खाली करून, सात दिवसांपर्यंत. त्यानंतर रोज थोडी थोडी उबवणक्षमता कमी होत जाते. आपल्या उन्हाळ्यात घोडं इथेच अडतं. स्वयंपाकघरात ३४ अंशांवर ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढू लागतो, रात्री थांबतो, सकाळी परत सुरू होतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरतो. मग उबवणीच्या मशीनमध्ये ठेवल्यावर आत रक्ताचं कडं दिसतं आणि दोष मशीनला दिला जातो. फ्रिजचा मधला कप्पा ४ ते ६ अंशांचा, म्हणजे फार थंड. साधा उपाय असा की मोठ्या मातीच्या कुंडीत छोटी कुंडी ठेवायची, मधल्या जागेत वाळू भरून ती ओली ठेवायची आणि अंडी आतल्या कुंडीत कोरड्या कापडावर ठेवायची. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या हवेत हे चांगलं चालतं. कोकणात दमट हवेमुळे त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे गोळा केलेली अंडी तीन-चार दिवसांत बसवून टाकावीत.

कुरिअरने आलेली अंडी लगेच मशीनमध्ये घालू नका. निमुळतं टोक खाली करून एक पूर्ण दिवस स्थिर ठेवा. हादऱ्यांनी हवेची पोकळी सुटी झालेली असते, तिला जागेवर बसायला वेळ लागतो. अशी अंडी पहिले चार-पाच दिवस न फिरवलेलीच बरी.

मशीन

पंखा असलेल्या इनक्युबेटरला ३७.५ अंश. थर्माकोलचा डबा आणि बल्ब असं बिनपंख्याचं मशीन असेल तर थर्मामीटरचं टोक अंड्याच्या वरच्या कडेच्या पातळीला धरून ३८.५ ते ३९ अंश, कारण त्यात वरची हवा गरम आणि खालची गार असते. थर्मामीटर भिंतीला चिकटवलेला असेल तर तो अंड्याचं नव्हे, भिंतीचं तापमान सांगतो. मशीन अंड्यांशिवाय एक दिवस चालवून पाहा. तापमान एका अंशापेक्षा जास्त हेलकावे खात असेल तर आधी ते दुरुस्त करा.

पोलिशची अंडी २१ दिवसांत फुटतात. बँटम म्हणजे छोट्या चणीच्या पक्ष्यांची बऱ्याचदा १९व्या-२०व्या दिवशीच. अठराव्या दिवसापर्यंत दिवसातून निदान तीनदा, जमल्यास पाचदा फिरवा. विषम संख्या अशासाठी की रात्रीचा लांब मुक्काम रोज एकाच बाजूवर पडू नये.

आर्द्रतेवर सगळ्यात जास्त वाद होतो आणि त्याचं उत्तर आकड्यात नसून वजनात आहे. अठरा दिवसांत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्क्यांनी घटायला हवं. ते पाणी निघून गेलं तरच हवेची पोकळी पुरेशी मोठी होते आणि पिल्लाला पहिला श्वास घेता येतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. दहा अंडी ठेवताना एकत्र वजन ५०० ग्रॅम भरलं, तर सातव्या दिवशी साधारण ४७७ आणि अठराव्या दिवशी ४४० च्या आसपास हवं. सातव्या दिवशी ४८८ असेल तर आत दमटपणा जास्त, पाणी काढा. ४६५ असेल तर पाणी वाढवा. ज्यात काही वाढलंच नाही अशी अंडी मध्येच काढली, तर त्यांचं सुरुवातीचं वजनही हिशोबातून वजा करायला विसरू नका. त्यासाठी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने त्याचं वजन लिहून ठेवणं सोपं.

पहिले अठरा दिवस ४५ ते ५० टक्के हे पुस्तकी उत्तर ठीक आहे, पण तिथे पोचायला किती पाणी घालायचं हे गावावर अवलंबून. जुलैत रत्नागिरीत बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा ३७.५ अंशांपर्यंत तापल्यावर ४७ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे अठराव्या दिवसापर्यंत ट्रेमध्ये थेंबही नको. एप्रिलात नागपूरला ४० अंश आणि १५ टक्के हवेत दोन्ही ट्रे भरूनही कमी पडतं. आणि तिथे मोठी अडचण वेगळीच आहे: साधं मशीन तापवू शकतं, थंड करू शकत नाही. खोली ३७ वर गेली की आतलं तापमान तुमच्या हातात राहत नाही. अशा गावांत एप्रिल-मेच्या उबवणीचा हट्ट सोडा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सोयीचे.

वीज गेली तर? दोन-तीन तासांसाठी झाकण उघडू नका, वर गोधडी टाका, हवेची भोकं मात्र मोकळी. पंधराव्या दिवसानंतर गर्भ स्वतः उष्णता टाकतो. त्या टप्प्यात पंखा बंद पडला तर गारठ्यापेक्षा गुदमरण्याची भीती जास्त, म्हणून भोकं पूर्ण उघडा. वीज आल्यावर भरपाई म्हणून तापमान चढवू नका. काही तास गार पडलेलं अंडं पुष्कळदा तगतं आणि एखादा दिवस उशिरा फुटतं. ४०.५ अंशांवर काही तास गेलेलं अंडं सहसा तगत नाही.

सातव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरून पाहा. कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या आणि मधे हलणारा ठिपका म्हणजे जिवंत. स्वच्छ म्हणजे अफलित. रक्ताचं कडं म्हणजे मेलेलं. पोलिशचं कवच पांढरं असल्याने हे सोपं जातं. चौदाव्या दिवशी परत एकदा, बस्स. वास येणारं अंडं मात्र दिसलं की लगेच बाहेर, फुटलं तर बाकीची नासवतं.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७० टक्के, जाळीवर रबरी किंवा कापडी अंथरण आणि झाकण बंद. साधारण विसाव्या दिवशी पिल्लू चोचीने हवेची पोकळी फोडतं, आतून चिवचिव ऐकू येते. मग कवचाला पहिला तडा. तिथून बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात. मधल्या वेळात पिल्लू स्वस्थ दिसतं, पण पडद्यातलं रक्त अंगात ओढलं जात असतं आणि उरलेला बलक पोटात जात असतो. याच वेळी मदत म्हणून कवच सोललं तर रक्त वाहतं. पडदा पांढरा आणि कोरडा पडून पिल्लाला चिकटला असेल आणि २४ तास उलटून गेले असतील, तरच कोमट ओल्या कापसाने तो मऊ करा. लाल रेष दिसली की हात मागे. झाकण उघडल्यावर दमटपणा पळतो आणि शेजारच्या तडा गेलेल्या अंड्यांचे पडदे सुकतात, हे मदतीच्या घाईत विसरलं जातं.

मशीनऐवजी खुडूक कोंबडी

पोलिश मादी खुडूक बसेल याचा भरवसा नाही. सिल्की मात्र वर्षातून कैक वेळा बसते आणि कोणाचीही अंडी उबवते. सिल्कीखाली पोलिशची सहा-सात, दणकट गावठीखाली दहा-बारा. रवणीला बसवण्याआधी कोंबडीला उवांची पावडर मारा, नाहीतर पिल्लं फुटल्याबरोबर उवा त्यांच्या डोक्यावर चढतात. सिल्कीची एक खास भानगड आहे. पोटाखालच्या केसाळ पिसांचे धागे होतात आणि नव्या पिल्लांच्या मानेला किंवा पायाला अडकून फास बसतो. सतराव्या दिवशीच पोटाखालची लांब पिसं कात्रीने कमी करा.

पहिले आठ आठवडे

ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या खोक्यात, पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, त्यावर पाय फाकतात. भाताचं तूस किंवा जाड कापड घाला. खाद्य २० ते २१ टक्के प्रथिनांचं चिक स्टार्टर. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य पिल्लांना देऊ नका, त्यातल्या जास्त कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात.

इथपर्यंत सगळ्या पिल्लांना सारखंच. झुबकेवाल्यांचं वेगळेपण तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होतं. डोक्यावर निळसर नळ्यांसारखी नवी पिसं फुटू लागतात. त्या नळ्यांत रक्त असतं. सोबतच्या पिल्लांना ते टोचायचं आमंत्रण वाटतं आणि एक थेंब लाल दिसला की सगळी तुटून पडतात. पोलिश पिल्लाच्या बाबतीत खाली कवटीला भोक असतं, म्हणून दुसऱ्या जातीत नुसती जखम होईल अशी चोच इथे जीव घेते. गावठी, कडकनाथ किंवा ब्रॉयलर पिल्लांबरोबर यांना वाढवू नका. जागा दर पिल्लाला निदान एक चौरस फूट. टोचलेलं पिल्लू वेगळं काढून जखमेवर जेंशन व्हायोलेट लावा, लाल रंग झाकला की चोची थांबतात.

पाण्यासाठी निपल (चोच लागली की थेंब सोडणारी तोटी) किंवा अरुंद कडेचं भांडं. उथळ ताटलीत झुबका भिजतो, ओला राहतो, डोळ्यांत जातो आणि डोळे सुजतात. डोळ्यांवर येणारी पिसं बोथट टोकाच्या कात्रीने छाटा. पिसाच्या मुळाशी नळी अजून निळसर असेल तर तिथे कापू नका, रक्त येतं. महिन्यातून एकदा झुबका फुंकून मुळं पाहा, कारण उवा आणि लिखांना लपायला याहून चांगली जागा नाही. आणि जवळ जाताना आधी आवाज द्या. या पक्ष्यांना वरचं आणि बाजूचं दिसत नाही, अचानक हात आला की ते उडून जाळीवर डोकं आपटतात.

मान वाकडी झाली तर

हे नीट वाचा, कारण यात गल्लत झाली तर अख्खं खुराडं जातं. फुगीर कवटीच्या पक्ष्याला डोक्याला मार बसला किंवा व्हिटॅमिन ई, सेलेनियम अथवा बी-१ कमी पडलं, की मान मागे किंवा बाजूला वळते, पक्षी गोल फिरतो, मागे चालतो. मानमोडीत, म्हणजे राणीखेतमध्येही मान अशीच मुरगळते.

साधारण ओळख अशी. एकच पक्षी, खोकला नाही, शेण नेहमीसारखं, भूक आहे पण चोच दाण्यावर नीट पडत नाही: डोक्याचं दुखणं असण्याची शक्यता जास्त. दोन-तीन दिवसांत अनेक पक्षी, तोंड उघडून श्वास, हिरवट जुलाब, लुळे पाय किंवा पंख आणि मरतूक: मानमोडी समजा, आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मानमोडीवर औषध नाही. पहिल्या प्रकारातला पक्षी अंधाऱ्या, शांत खोक्यात ठेवून हाताने भरवला, पाणी पाजलं आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत व्हिटॅमिनं दिली, तर काही आठवड्यांत पुष्कळदा सावरतो. पण निदान होईपर्यंत दोन्ही प्रकारांत पक्षी वेगळाच ठेवायचा.

मानमोडीची लासोटा किंवा एफ-१ लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, लासोटाचा दुसरा डोस चौथ्या आठवड्यात, मानमोडीचीच आर-२-बी आणि देवीची लस सहा ते आठ आठवड्यांत. कुपी शेकडो मात्रांची येते आणि मिसळल्यावर दोन तासांत संपवावी लागते, म्हणून आसपासच्या कोंबडीवाल्यांनी एकत्र येऊन आणलेली बरी.

नर की मादी

अंड्यावर सुई-दोरा लटकवणं, टोकदार अंडं म्हणजे नर, पिल्लाला मानेला धरून पाय आखडतो का पाहणं: तिन्हींचा काही उपयोग नाही. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडनलिकेवर ठरतो. पिल्लाचं लिंग कोंबडीकडून कोणतं गुणसूत्र आलं यावर ठरतं, आणि ते अंडं घातलं जाण्याआधीच ठरलेलं असतं. मशीनचं तापमान बदलून माद्या जास्त मिळत नाहीत.

जपानमध्ये १९२० च्या दशकात विकसित झालेली गुद तपासणी खरी आहे, पण ती शिकायला दीर्घ सराव लागतो आणि नवख्या हाताने पिल्लू दुखावतं. घरी तिच्या वाटेला जाऊ नका.

इतर जातींत तुऱ्यावरून चार-पाच आठवड्यांत अंदाज येतो. पोलिशचा तुरा म्हणजे झुबक्यासमोर दडलेली दोन बारीक शिंगं, दाढीवाल्या प्रकारात गळ्याखालच्या पाळ्याही झाकलेल्या. तेव्हा झुबक्याच्याच पिसांकडे बघायचं. साधारण आठ आठवड्यांनंतर मादीची पिसं रुंद आणि टोकाला गोल, झुबका भरीव गोळ्यासारखा. नराची पिसं अरुंद, टोकदार, मागे आणि बाजूला लोंबणारी, विस्कटलेली. पिसू उपटू नका, तुसात गळून पडलेलं उचलून पांढऱ्या कागदावर ठेवा, टोक स्पष्ट दिसतं. दहा ते चौदा आठवड्यांत नराच्या कमरेवर लांब, टोकदार, चमकदार पिसं उतरतात. ती दिसली की शंका मिटली.

सिल्कीत हीच खूण चालत नाही. तिच्या पिसांना एकमेकांत गुंतवणारे आकडेच नसल्याने नराचीही पिसं केसाळच राहतात. नराचा तुरा रुंद आणि गाठाळ होत जातो, झुबक्यातून मागे काही लांब बटा निघतात, उभं राहणं ताठ. तरी पाच-सहा महिन्यांआधी छातीठोक सांगणारा विक्रेता अंदाजच सांगत असतो. तलंगा, म्हणजे तरुण माद्या, म्हणून घेतलेल्यांपैकी एखादी आरवली तर नवल नको. सोसायटीत पाळणाऱ्यांनी याचा आधीच विचार करावा.

पहिल्याच दिवशी ओळखता यावं असं वाटत असेल तर जोडी तशी लावावी लागते. सोनेरी रंगाचं जनुक आणि त्याचं चंदेरी भावंड नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतात. सोनेरी पोलिश नर आणि चंदेरी पोलिश मादी लावली, तर मुलगे आईसारखे चंदेरी-करडे आणि मुली बापासारख्या सोनेरी-तपकिरी लवेच्या निघतात. उलट जोडी लावली तर सगळीच चंदेरी. दोन्ही जोड्यांच्या मुलग्यांवर पुढे पिवळसर झाक राहते, शुद्ध चंदेरी घराण्यात त्यांना घेऊ नका.

सिल्कीसाठीची जोडी शंभर वर्षांहून जुनी आहे. बेटसन आणि पनेट या ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञांनी १९११ मध्ये दाखवलं की सिल्की नर आणि तपकिरी लेगहॉर्न मादी यांच्या मुली सिल्कीसारख्या काळ्या कातडीच्या निघतात, मुलगे बरेच फिके. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांची गावठी मादी घेतली तर आपल्याकडेही हेच घडायला हवं. काळ्या पायांची मादी घेतली तर फरक दिसणार नाही, कारण काळेपणा दाबणारं जनुक तिच्याकडे नसतं. कवड्या, म्हणजे आडव्या पट्ट्यांच्या मादीच्या मुलग्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो हे खरं, पण पांढऱ्या झुबक्याच्या काळ्या पोलिशशी हा मेळ घालू नका. तिथे डोकं तसंही पांढरंच.

पैदास

झुबक्याचं जनुक अर्धवट प्रभावी आहे. पोलिश नर आणि गावठी मादी यांच्या सगळ्या पिल्लांना छोटा झुबका येतो. त्याच पिल्लांची आपसात जोडी लावली तर सरासरी वीसपैकी पाचांना मोठा, दहांना छोटा, पाचांना झुबकाच नाही. सिल्कीचं केसाळ पीस मात्र पूर्ण दबणारं: गावठीशी पहिल्या पिढीत एकही केसाळ पिल्लू निघत नाही आणि माणूस समजतो की फसवणूक झाली. कुरळ्या पिसांच्या दोन पक्ष्यांची जोडी टाळा. चौथा हिस्सा पिल्लांची पिसं इतकी ठिसूळ निघतात की अंग उघडं पडतं.

एका नरामागे चार-पाच माद्या. कोंबडीच्या अंगात नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून नर बदलल्यावर किमान तीन आठवड्यांची अंडी खायला वापरा. पोलिशमध्ये अफलित अंडी जास्त निघाली तर आधी नर दोषी धरू नका. त्याला मादी दिसत नसते आणि मादीला तो येताना दिसत नसतो. दोघांचे झुबके डोळ्यांच्या रेषेपर्यंत छाटा. दहा-बारा दिवसांनी परत अंडी तपासली की फरक कळतो. सिल्कीत गुदद्वाराभोवतीची दाट पिसंही कमी करावी लागतात.

निवड करताना नजर सगळ्यात मोठ्या झुबक्यावर जाते, कारण बाजारात भाव त्यालाच. पण मोठा झुबका आणि मोठं टेंगूळ बहुतेक जोडीने येतात. पिल्लू फुटल्यावर चोवीस तासांत, लव वाळली की टेंगूळ नजरेने पाहून सपाट, मध्यम, मोठं अशी नोंद करा. बोटाने दाबून पाहू नका. बोटांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून किंवा रंगीत कड्या घालून कोणतं पिल्लू कुठल्या जोडीचं हे वेगळं ठेवा, कारण झुबका आल्यावर कवटी परत दिसणार नाही. मोठ्या टेंगळाचे दोन पक्षी एकत्र लावू नका. ज्याची मान एकदाही वाकडी झाली तो कितीही देखणा असला तरी जोडीत नको. मध्यम टेंगूळ, सरळ मान, दाण्यावर चोच अचूक मारणारी तलंग आणि तिला साजेसा नर, दोन्ही आठ महिन्यांचे झाल्यावर जोडी लावा. तलंगेची पहिल्या काही आठवड्यांची लहान अंडी मशीनला लावू नका. त्यातली पिल्लंही लहान आणि अशक्त निघतात.